जांभळ्या फुलांचं, देशी, बारमाही आणि मधमाश्यांना आवडणारं काय लावावं?

कुंपण
पुण्यात सोसायटीच्या पूर्वेकडच्या भिंतीलगत २० फूट लांब आणि ४ फूट रुंद पट्टा रिकामा आहे. सकाळपासून साडेबारापर्यंत ऊन, नंतर इमारतीची सावली. माती काळी आणि भारी, मोठ्या पावसानंतर दोन दोन दिवस पाणी हटत नाही. उन्हाळ्यात बोअरचं पाणी, तेही आठवड्यातून दोनदाच.
तिथे एकदा लावलं की वर्षानुवर्षं टिकेल असं, आपल्याकडचंच रानफूल हवं आहे. जांभळं असावं, मधमाश्या आणि फुलपाखरं यावीत. डोक्यात कारवी आहे. कारवी बागेत लावतात का? नसेल तर दुसरं काय? आणि लावायचं कसं, तेही सांगा.

सातेरी
या जागेत कारवी नको. ती बारमाही आहे, पण आयुष्यात एकदाच फुलते. बहुतेक ठिकाणी सातव्या वर्षी, मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आठव्या (२००८, २०१६, २०२४). फुलली, बी धरलं की अख्खा पट्टा एकदम वाळतो. मधली सहा वर्षं उन्हाळ्यात नुसत्या काठ्या दिसतात. शिवाय तिला उताराची, पाणी धरून न ठेवणारी जमीन लागते. तुमच्या काळ्या मातीत दुसऱ्याच पावसाळ्यात मुळं कुजतील.

वाफा
सातेरींशी सहमत. या जागेला जांभळी कोरांटी घ्या. शास्त्रीय नाव बार्लेरिया क्रिस्टाटा. कारवीच्याच कुळातली, पण दर वर्षी फुलणारी. पावसाळा ओसरताना कळ्या धरते आणि जानेवारीपर्यंत फुलं देते, म्हणजे तेरडा आणि सोनकी संपल्यावर माश्यांना जेव्हा कमी पडतं नेमक्या त्या दिवसांत.

झुडूप ३ ते ५ फूट होतं. छाटलं नाही तर ६ फुटांपर्यंत जातं आणि खालून उघडं पडतं. अर्ध्या दिवसाचं ऊन पुरतं. चार तासांपेक्षा कमी मिळालं तर फांद्या लांबट होऊन आडव्या पडतात आणि फुलं निम्म्यावर येतात. तुमचं साडेबारापर्यंतचं ऊन तिला अगदी योग्य आहे, एप्रिल-मे मधलं दुपारचं ऊन टळतं हा उलट फायदाच.

फक्त एक गोष्ट सोडायची नाही: पाण्याचा निचरा. काळ्या मातीत खड्डा खणून त्यात चांगली माती भरली की तो खड्डा पावसाळ्यात हौद होतो, कारण चारी बाजूंची चिकण माती पाणी सोडतच नाही. खड्डे नकोत, सगळा पट्टाच उचला. जमीन ९ इंच खणून सैल करा आणि त्यावर ९ इंचांचा उंच वाफा करा. २० × ४ × ०.७५ म्हणजे ६० घनफूट, ०.६ ब्रास माल. निम्मा पोयटा (गाळाची माती), पाव बारीक मुरूम, पाव कुजलेलं शेणखत. बारीक वाळू काळ्या मातीत मिसळू नका, थोड्या वाळूने ती सुटी होत नाही, घट्टच बसते.

गच्चीवरची
+१ कोरांटीला. पांढरी, गुलाबी आणि पट्ट्यापट्ट्यांचीही मिळते. माश्या सगळ्यांवर येतात, पण धाग्याची अट जांभळी आहे :)

डोंगरउतार
कारवीला इतकं पटकन बाद करू नका. सोसायटीच्या पट्ट्यासाठी नको हे मान्य. पण मुळशी, वेल्हे, भोर भागात कुणाची उताराची जमीन असेल तर बांधावर कारवीसारखं काही नाही. दाट जाळी होते, माती धरून ठेवते, आणि फुलते त्या वर्षी आग्या आणि सातेरी दोन्ही माश्या तुटून पडतात. महाबळेश्वरकडे कारवीचा मध वेगळा ओळखला जातो, दाट आणि गडद असतो. काठ्यांचा कूड तर कोकणात आणि मावळात पिढ्यान् पिढ्या वापरात आहे.

लावायची रीत: फुलोऱ्यानंतरच्या उन्हाळ्यात बोंडं वाळतात आणि पावसाने भिजली की फुटून बी उडतं. म्हणून बोंडं मे महिन्यात, पावसाआधी, मालकीच्या जमिनीवरून मालकाला विचारून गोळा करायची आणि जूनच्या सुरुवातीला उतारावर नुसती फेकून वर थोडा पालापाचोळा टाकायचा. खोल पेरलं तर उगवत नाही. पहिली दोन वर्षं गुरं आणि वणवा यांपासून जपावं लागतं. अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून बी, रोप काहीही उचलणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. कासच्या पठारालाही हेच लागू समजा, तिथून काही आणायचं नाही.

सातेरी
डोंगरउतार, उतारासाठी तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. भर एवढीच की सगळं बी एकाच हंगामाचं असेल तर सगळी झाडं एकदमच फुलून एकदमच मरतील. त्या वर्षी पुढचं बी जागेवर पडू द्यायचं आणि वाळलेल्या काठ्या लगेच साफ करायच्या नाहीत. कोवळ्या रोपांना त्यांचाच आडोसा होतो.

कुंपण
कारवीचा विचार सोडला. आज रोपवाटिकेत कोरांटी विचारली तर जांभळ्या फुलांचं एक रोप दाखवलं. पानं बोटभर रुंद, लांब, खोड जांभळट. "हीच देशी कोरांटी" म्हणाले. हीच का?

वाफा
नाही! ही रुएलिया सिम्प्लेक्स, मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेकडची. घेऊ नका. ती शेंगांतून बी उडवते, जमिनीखालूनही पसरते, आणि ओलसर काळी माती तिला फार मानवते. दोन वर्षांत पट्टा तिचा होईल आणि नंतर उपटून संपत नाही.

ओळख अशी: कोरांटीचं पान लंबगोल, दोन्ही टोकांना निमुळतं, वर बारीक खरखरीत लव. खरी खूण फुलाच्या तळाशी असते. कोरांटीला बाहेरची दोन निदलं (कळीला झाकणारी पानांसारखी आवरणं) मोठी, कागदासारखी, शिरा स्पष्ट दिसणारी आणि कडेला बारीक काटेरी दात असलेली. रुएलियाला निदलं अरुंद, दोऱ्यासारखी. फूल नसलं तरी वाळलेल्या निदलांचे झुपके फांदीच्या टोकाला महिनोन् महिने राहतात, त्यावरून कळतं.

मुरूम
आणखी एक गोंधळ होतो. नुसतं 'कोरांटी' म्हटलं तर बरेच जण पिवळी, काटेवाली देतात, तीच वज्रदंती (बार्लेरिया प्रायोनिटिस). तीही देशी, तीही माश्यांना उपयोगी, पण पानांच्या बेचक्यात लांब काटे असतात. मुलं खेळतात तिथे नको. जांभळीला तसे काटे नसतात, फक्त निदलांची कड टोचरी.

न्यूजर्सीकर
भारतातून बी आणून ही इथे लावता येईल का? अंगणात मावशींनी दिलेली तुळस उन्हाळ्यात छान येते म्हणून विचारतो.

अश्विनी_क
दोन कारणांनी नको. परदेशातून बी नेताना रोगमुक्ततेचं सरकारी प्रमाणपत्र लागतं, नाहीतर विमानतळावर काढून घेतात. दुसरं, गोठणाऱ्या थंडीत कोरांटी तग धरत नाही. आणि हवाई आणि उत्तर ऑस्ट्रेलियात हीच कोरांटी बागांबाहेर पसरली आहे. आपल्याकडची देशी वनस्पती तिकडे परकीच.

तुमच्याकडचं जांभळं रानफूल म्हणजे न्यू इंग्लंड ॲस्टर. ३ ते ६ फूट, ऑगस्ट अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत फुलतं, मेक्सिकोकडे निघालेली मोनार्क फुलपाखरं त्यावर थांबतात. बियाला थंडी आणि ओल मिळावी लागते. ओल्या वाळूत मिसळून फ्रीजमध्ये ६ ते ८ आठवडे ठेवा, किंवा सोपं म्हणजे दुधाचा प्लास्टिकचा कॅन मधून कापा, बुडाला भोकं पाडा, ४ इंच माती घाला, डिसेंबर-जानेवारीत बी वरच्यावर पेरून झाकण न लावता बाहेर ठेवून द्या. बर्फ, पाऊस आपोआप आत जातो आणि वसंतात रोपं वर येतात. बी मातीने गाडू नका, नुसतं दाबा. जूनअखेरपर्यंत शेंडे खुडले तर झाड वाऱ्यात पडत नाही. जुलैच्या मध्यानंतर खुडू नका, कळ्या जातील.

न्यूजर्सीकर
मनापासून धन्यवाद. दुधाचे कॅन आजपासून जपून ठेवतो.

बी_बियाणे
मूळ धाग्याकडे. रोपं विकत न घेता करायची असतील तर दोन वाटा.

छाट कलम: जुलै-ऑगस्ट. फार कोवळी नाही आणि फार जून नाही अशी फांदी, ४ ते ५ इंच लांब, तीन पेरं असलेली. पेराच्या लगेच खाली तिरका काप. खालच्या दोन पेरांची पानं काढा, वरची दोनच ठेवा आणि मोठी असतील तर अर्धी कापा. कळी असेल तर खुडा, नाहीतर कलम मुळं सोडून फुलाच्या मागे लागतं. जाड वाळू आणि कोकोपीट निम्मं निम्मं, दोन पेरं आत. सावलीत ठेवा. ३ ते ४ आठवड्यांत मुळं येतात. मुळं फुटायची पावडर लागत नाही. कलम काळं पडून सडलं तर कारण जवळजवळ नेहमी एकच, पाणी जास्त. मिश्रण मुठीत दाबल्यावर थेंब पडता कामा नये.

बी: शेंगा साधारण पाऊण इंच, गुळगुळीत, आत चपट्या चार बिया. हिरव्याच्या तपकिरी होत आल्या की उन्हात तडकतात आणि बी लांब उडतं, म्हणून आधीच झुपक्यावर मलमलची किंवा जाळीची पुरचुंडी बांधायची. बी कागदी पाकिटात, जूनमध्ये पेरायचं. पेरण्याआधी भिजवू नका. बियांवर केसांचा थर असतो, तो ओला झाला की चिकट होतो आणि बिया एकमेकींना चिकटून गोळा बनतो. कोरड्याच पेरा, वर अर्धा सेंटिमीटर माती. दोन आठवड्यांच्या आत उगवतात.

कलमाची झाडं पहिल्याच हंगामात थोडी तरी फुलतात. बियाची साधारण पुढच्या वर्षी. पण बियाची मुळं खोल जातात, आणि प्रत्येक रोप रंगात थोडं वेगळं येतं. मला व्यक्तिशः बियाची झाडं जास्त आवडतात.

गच्चीवरची
कुंडीत करणाऱ्यांसाठी: १२ इंची कुंडी, त्याहून लहान नको. लाल माती ४ भाग, शेणखत किंवा गांडूळखत ३, जाड वाळू ३. पावसाळ्यात खालची ताटली काढून ठेवा. पानं पिवळी पडून गळायला लागली की लोक आणखी पाणी घालतात, तिथे झाड जातं.

हिरवाकंच
छाटणी फेब्रुवारीत करायची. फुलं संपली की लगेच एक फूट ठेवून सगळं कापायचं.

तळकोकण
याला माझा विरोध. फेब्रुवारीत एक फुटावर आणलंत तर नवी फूट ऐन उन्हाळ्यात येते, तीही पाणी कमी असताना. कोवळी पानं करपतात, लाल कोळी लागतो आणि झाड जूनपर्यंत थकलेलं राहतं. फेब्रुवारीत फक्त वाळलेले झुपके काढा. खरी छाटणी पहिल्या पावसानंतर, जूनमध्ये.

हिरवाकंच
कोकणात जूनमध्ये इतका पाऊस असतो की जाड फांद्यांचे ताजे काप सडतात.

तळकोकण
म्हणूनच कोकणात मेअखेर, वळवाच्या एखाद्या सरीनंतर. पुण्याला, नगरला, सोलापूरला जून बिनधास्त चालतो, तिथे पाऊस इतका सलग नसतो.

वाफा
दोघांचं म्हणणं जोडतो. पाणी भरपूर असेल, ठिबक असेल तर फेब्रुवारीची छाटणी चालते. कुंपण यांच्याकडे आठवड्यातून दोनदाच पाणी आहे, तेव्हा जून. एक ते सव्वा फूट ठेवायचं, जुनी जाड खोडं दर वर्षी एक-दोन बुडापासून काढायची म्हणजे नवी येत राहतात. मग जुलैत शेंडे एकदा खुडायचे, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दुसऱ्यांदा. त्यानंतर कात्री बंद! कोरांटी नव्या फुटीच्या टोकाला आणि पानांच्या बेचक्यात कळ्या धरते. गणपतीच्या आधी माळी 'आवार नीट' करतात तेव्हा नेमक्या याच कळ्या कापल्या जातात, आणि मग कोरांटी फुलत नाही अशी तक्रार येते. माळ्यांना आधीच सांगून ठेवा, पट्ट्यावर पाटी लावा.

शिंजीर
माश्या-फुलपाखरांबद्दल. कोरांटीची नळी लांब असते, म्हणून तळाचा मध लांब जिभेच्यांनाच मिळतो. सगळ्यात नियमित येते ती निळ्या पट्ट्यांची माशी, अमेगिला. फुलासमोर क्षणभर तरंगते आणि झेपावते, आवाज बारीक, उंच. फुलपाखरं येतात, शिंजीर पक्षी येतो. काळा मोठा भुंगा नळीला तळाशी बाहेरून चीर पाडून मध ओढतो, परागीकरण करत नाही. फुलांना खाली भोकं दिसली तर तो रोग नव्हे, काही करू नका. सातेरी आणि फुलोरी तोंडाशी बसून पराग गोळा करतात.

पण नुसती फुलं पुरत नाहीत. अमेगिला जमिनीत घर करते. सगळीकडे आच्छादन आणि पेव्हर ब्लॉक असले तर ती राहणार कुठे? पट्ट्याच्या एका टोकाला दोन फूट माती उघडी, कोरडी, न खणता ठेवा. आणि नर माश्या संध्याकाळी वाळलेल्या काड्यांना जबड्याने धरून रांगेने झोपतात, तेव्हा हिवाळ्यात दहा-बारा वाळक्या काड्या तशाच राहू द्या.

पानांवर काळपट, फांदीदार काट्यांच्या अळ्या दिसल्या तर त्या पॅन्सी फुलपाखरांच्या असतील. लेमन पॅन्सी आणि ब्लू पॅन्सी दोन्ही या कुळावर अंडी घालतात. काटे टोचत नाहीत. पानं खाल्ली जातील, आणि तीच तर आपली कमाई आहे. निरोगी झुडूप दोन-तीन आठवड्यांत पुन्हा फुटतं.

अश्विनी_क
शिंजीर, हे फार मोलाचं. यात फवारणीचा मुद्दा जोडते. कोरांटीला खरा त्रास पिठ्या ढेकणाचा, तोही बहुधा रोपवाटिकेतूनच येतो. रोप घेताना पानांचे बेचके आणि पिशवीच्या कडेची मुळं बघा, पांढरा कापूस दिसला तर घेऊ नका. थोडा असेल तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पाडा, उरलेला ब्रशने काढा. फारच झाला तर एक लिटर कोमट पाण्यात ५ मिली नीमतेल आणि २ मिली पातळ साबण, तेही फक्त लागलेल्या फांदीवर, सूर्यास्तानंतर, फुलं आणि अळ्या टाळून. मुंग्यांची रांग आधी तोडा. मुंग्या पिठ्याला राखतात, त्या असेपर्यंत तो परत येतो.

इमिडाक्लोप्रिडसारखी मुळातून शोषली जाणारी औषधं इथे अजिबात नकोत. ती झाडाच्या रसात उतरतात, रसातून मधात आणि परागात. माश्यांसाठी झाड लावून त्यांना विष पाजायचं नसेल तर रोपवाटिकेत विचारा, आणि खात्रीचं उत्तर मिळालं नाही तर त्या रोपाची पहिल्या हंगामातली फुलं खुडून टाका.

गच्चीवरची
पहिल्या हंगामातली सगळी फुलं खुडायची? जीव होणार नाही.

अश्विनी_क
मग कलमं स्वतः करा. :) ओळखीच्या, बिनऔषधाच्या झाडाची एक फांदी मागितली तर कुणी नाही म्हणत नाही.

डोंगरउतार
दशमुळीचं नाव अजून कुणी घेतलं नाही याचं वाईट वाटलं. एरॅन्थेमम रोझियम, सह्याद्रीतली, कोरांटीच्याच कुळातली. गडद निळी-जांभळी फुलं उमलतात आणि जुनी होताना लालसर होतात, एकाच कणसावर दोन रंग. कोरांटी उतरू लागते तेव्हा ही भरात येते, साधारण मार्चपर्यंत. आणि हिला सावली आवडते. पट्ट्याचा जो कोपरा जास्त सावलीत असेल तिथे तीन-चार लावा. रीत तीच, जुलैतलं छाट कलम. आयुर्वेदातल्या दशमुळांशी हिचा संबंध नाही, काढ्यात घालू नये.

मुरूम
वाफा यांच्या हिशोबात छोटी दुरुस्ती. उंच वाफा भिंतीला टेकवू नका, भिंतीत ओल चढेल आणि सोसायटीची सभा बोलावली जाईल. भिंतीपासून ९ इंच सोडून विटांची कड करा, तळाशी दर तीन फुटांवर एक वीट सुटी ठेवा म्हणजे पाणी निघेल. रुंदी सव्वातीन फूट उरते, माल जवळपास ४९ घनफूट, अर्धा ब्रास. पहिल्या पावसाळ्यात दोन इंच खाली बसेल, म्हणून थोडा जास्त मागवा.

वाफा
अगदी बरोबर, भिंतीचं माझ्या लक्षात यायला हवं होतं.

कुंपण
इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. शेवटचे तीन प्रश्न. किती रोपं? खत कधी? आणि बोअरचं पाणी क्षारांचं आहे, भांड्यांवर पांढरा थर बसतो, चालेल का?

बी_बियाणे
दोन ओळी, एकीआड एक, रोपांत दोन फूट. मागच्या ओळीत १०, पुढच्यात ९, एकूण १९. शिंजीर यांनी सांगितलेली उघडी जागा एका टोकाला सोडली की १७. सावलीच्या टोकाला त्यातली तीन दशमुळीची. म्हणजे कोरांटी १४. मरतुक धरून १८ कलमं करा. आत्ता जून आहे, वाफा या महिन्यात भरून बसू द्या, कलमं जुलैत, मुळं धरल्यावर ६ × ८ इंची पिशवीत, आणि सप्टेंबरमध्ये पावसाचा जोर ओसरला की जमिनीत.

खत: वाफ्यात पाव हिस्सा शेणखत आहे, दोन वर्षं काही घालू नका. युरिया कधीच नको. पानं तरारतात, फुलं कमी होतात आणि मऊ फुटीवर मावा बसतो. तिसऱ्या वर्षापासून जूनच्या छाटणीनंतर झाडामागे दोन ओंजळी शेणखत.

पाणी: क्षार चालतील, पण रोज थोडं थोडं देऊ नका. त्याने क्षार वरच्या चार इंचांत साठतात आणि पानांच्या कडा तपकिरी होतात. आठवड्यातून दोनदाच, पण प्रत्येक वेळी ओल फूटभर खाली जाईल इतकं. काठी खुपसून बघता येतं. वर तीन इंच वाळक्या पानांचं आच्छादन, खोडापासून चार बोटं लांब. पावसाळ्यात क्षार धुपून जातात, आणि त्यासाठीसुद्धा मुरूम यांच्या सुट्या विटा बुजू देऊ नका.

शिंजीर
आच्छादन माश्यांच्या उघड्या टोकावर टाकू नका बरं का. आणि तिथे पाईपही मारायचा नाही.

कुंपण
लिहून घेतलं. उद्या विटा आणि पोयटा सांगतो. जांभळ्या कोरांटीची फांदी कोथरूड, वारजे भागात कुणाकडे मिळेल का? फवारणी न केलेली हवी. संपर्कातून कळवा.